डबल बेल

त्यांनी मला पहिल्याच दिवशी माफ केलं. मी काहीही केलेलं नसताना.

बदनापूरला नोकरी लागली होती आणि जुन्या जालन्यात मी खोली शोधत फिरत होते. कापडाच्या ठोक दुकानांमागच्या गल्लीत एक दार दिसलं. दारावर क्रूस, आणि शेजारच्या खिडकीवर एसटीतली जुनी पाटी : 'हात व डोके बाहेर काढू नये.' मी घाबरत घाबरत कडी वाजवली. दार उघडलं ते उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिश्यांच्या म्हाताऱ्यानं. अंगात घरी घालायचा सदरा, पण वरचं बटण लावलेलं, ड्यूटीवर असल्यागत.

“गाव?”

“हसनाबाद.”

त्यांनी डोळे मिटले. छताला लटकणारी एक दोरी एकदाच ओढली. टण! आतून बाईमाणसाचा आवाज आला, “आता काय झालं?”

“पोरगी हसनाबादची हाये!”

आत एक भांडं पडलं. म्हातारबुवांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “जाऊ दे. त्यात तुझा काय दोष? मी तुला माफ केलं. शुक्रवारी घरात मटण शिजणार न्हाई. एक बेल म्हंजी थांबा, डबल बेल म्हंजी चला. सामान घेऊन ये.”

आता मला सांगा, अशा माणसाकडं कोण राहील? मी राहिले. पुढची अडीच वर्षं राहिले, आणि लग्न ठरलं नसतं तर अजून राहिले असते.

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. आमच्याकडं एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत आहे, आणि हे निवृत्त कंडक्टर. ज्या बसवर त्यांची शेवटची वर्षं गेली ती बस भंगारात निघाली, तेव्हा हे तिच्यामागं भंगारवाल्याच्या आवारापर्यंत गेले आणि तिची घंटी काढून घरी घेऊन आले. दोरी बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून जिन्यानं थेट माझ्या खोलीपर्यंत. सकाळी मला उशीर व्हायला लागला की खालून टण-टण! आणि मागून आवाज, “चला, चला, बदनापूर! गाडी कुणासाठी थांबत न्हाई!” काकू, म्हणजे त्यांची बायको, ठेंगणी, गोरटेली, एका कानानं जरा कमी ऐकणारी. त्या म्हणायच्या, “लग्न झालं तव्हापासून मी ह्यांच्या गाडीतच बसून राह्यले. स्टॉप काही येईना.”

मास्तर कॅथलिक. रविवारपुरते नव्हे, आठवड्याचे सातही दिवस, आणि ते सगळ्या गल्लीला भोगावं लागायचं. येशूनं सांगितलं तहानलेल्याला पाणी द्या, म्हणून नळाला पाणी येवो न येवो, दारात रांजण भरलेला. पण पिणाऱ्याजवळ हे उभे. “घाई करू नको. बसून पी. उरलेलं सांडू नको, झाडाला टाक.” एका हमालानं एकदा वैतागून तांब्या ठेवला आणि म्हणाला, “मास्तर, तहान बरी तुमच्यापेक्षा!” मास्तर त्याच्या मागं दुकानापर्यंत गेले, पाणी पाजलं, आणि वरून माफही केलं.

आजाऱ्यांना भेटा, असंही सांगितलंय. म्हणून दर गुरुवारी सरकारी दवाखान्यात. ओळख असायची गरज नाही. वॉर्डात शिरायचं आणि पहिल्या खाटेपासून सुरू. “कुठून आले? संगं कोण हाये?” कुणी रडायला लागलं, आता मी जातो म्हणालं, की हे दटावायचे, “कुठं जातो? आपला स्टॉप आल्याबिगर उतरायचं न्हाई. बस गप.” आणि खरं सांगते, माणसं गप बसायची. काही तर हसायची.

शुक्रवारचं मटण बंद, हे मला ठीक होतं. पण गल्लीत निम्मी घरं मुसलमानांची, आणि शुक्रवारी नेमकी कुणाकडून तरी बिर्याणी यायची. नाही म्हणणं मास्तरांच्या धर्मात बसत नव्हतं आणि खाणंही बसत नव्हतं. मग डबा फ्रीजमध्ये, आणि शनिवारी सकाळी नाश्त्याला बिर्याणी. माझ्या वडलांना मी फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “काय पण उपास करून राह्यलेत तुम्ही लोकं!”

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत एखादी आवडती गोष्ट सोडायची असते. एका वर्षी त्यांनी चहा सोडला आणि घरात कुणाला जगू दिलं नाही. काकूच फादरकडं जाऊन म्हणाल्या, फादर, ह्यांचा उपास मला घडून राह्यलाय, सोडवा. दुसऱ्या वर्षी त्यांनी लोकांना सल्ले देणं सोडलं. ते चाळीस दिवस काकूंना अजून आठवतात. म्हणतात, माझं माहेरपण तेवढंच.

पण मास्तरांची खरी ओळख म्हणजे शनिवारची फेरी. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला, जायचं तर मनात कुणाबद्दल अढी ठेवून जायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून शनिवारी संध्याकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून हे बाहेर पडायचे आणि आठवडाभरात ज्यांच्याशी भांडण झालं त्यांच्या दारात उभे राहायचे. तुम्ही म्हणाल, माफी मागायला. छे! माफ करायला.

कोपऱ्यावर भाजीवाली बसायची, तिच्यापुढं एकदा मी स्वतः पिशवी धरून उभी होते.

“मंगळवारी तू मला सडके टमाटे दिले,” मास्तर म्हणाले. “मी तुला माफ केलं.”

“मी कव्हा दिले सडके? तुम्हीच दाबून दाबून पाहिले, मंग फुटणार न्हाई तर काय!”

“वाद घालू नको. माफ झालंय.”

“अवं, पण मी तुम्हाला माफ न्हाई केलं ना!”

“ते तुझं तू पाहा,” असं म्हणून मास्तर पुढच्या दुकानाकडं. त्या एका माफीतून पुढच्या आठवड्याचं भांडण तयार व्हायचं. गल्लीतली माणसं बोटं मोडायची, पण शनिवारी सहाच्या सुमाराला दारात खुर्च्या टाकून बसायचीही. आज कुणाकुणाला माफ करतात ते पाहायला.

या फेरीत एक घर मात्र कधीच नसायचं. ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही माझ्याच तोंडाळपणामुळं.

एकदा माझी संध्याकाळची गाडी चुकली. घरी येऊन मी चप्पल भिरकावली आणि म्हणाले, “काकू, आज माझा कंडक्टर झाला बघा!”

काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. “काय झालं म्हणली?”

“कंडक्टर झाला. आमच्या हसनाबादला म्हणतात असं. गाडी निघून गेली अन् माणूस मागं राहिला की त्याचा कंडक्टर झाला.”

बैठकीतून टण! एक बेल. मग जिन्यावरून पावलं वर निघून गेली. मास्तर गच्चीत जाऊन बसले. काकू आधी गालातल्या गालात हसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग डोळे पुसत म्हणाल्या, “पोरी, ज्याच्यावरून ती म्हण पडली, तो कंडक्टर आता गच्चीत जाऊन बसला बघ.”

अगंबाई! लहानपणापासून ही म्हण तोंडात, आणि मी भाडं त्याच माणसाला देत होते.

तर झालं असं होतं. मास्तर आणि एक ड्रायव्हर, त्याला सगळे भाई म्हणत, वर्षानुवर्षं एकाच गाडीवर. दुपारी बाराला देवदूताची प्रार्थना करायची असते. देवदूतानं मरियेला निरोप सांगितला, त्याची आठवण म्हणून. चर्चमध्ये तेव्हा तीन ठोके पडतात. मास्तरांकडं चर्च कुठलं? बारानंतर पहिल्या स्टँडावर गाडी थांबली की ते बसचीच घंटी तीनदा द्यायचे, खाली उतरायचे आणि झाडाकडं तोंड करून दोन मिनटं हात जोडून उभे. भाईला ठाऊक, तीन बेल म्हणजे मास्तर प्रार्थनेला. आणि भाईच्या नमाजाच्या वेळी मास्तर बसच्या दारात उभे राहून सगळ्यांना दम भरायचे, “तिकडं देवाशी बोलणं चालू हाये. इकडं कालवा करू नका.”

एके दिवशी हसनाबादला पोचायला गाडीला उशीर झाला. बारा कधीच वाजून गेले होते. मास्तर तीन बेल देऊन उतरले, डोळे मिटले, आणि उघडून मागं वळले तर नुसती धूळ. बस भोकरदनच्या रस्त्याला लागलेली. बसमधल्या लोकांनी ओरडायला नको? कशाला ओरडतील! तिकिटं फाडायची राहिली होती. मास्तर गळ्यात पिशवी अडकवून बकऱ्यांच्या टेम्पोतून भोकरदनला पोचले. अंगाला बकऱ्यांचा वास, आणि स्टँडावर सगळा स्टाफ पोट धरून हसतोय.

तिथं मास्तरांचं डोकं फिरलं. “मुद्दाम केलं तू,” ते भाईला म्हणाले. “मी तीन दिल्या होत्या.”

“दोन वाजली, मास्तर. मला वाटलं तुझी प्रार्थना रस्त्यातच झाली. अल्लाकसम, दोन वाजली.”

आणि चारचौघांत मास्तर बोलून गेले, “झूठी कसम खातो का?”

भाईनं डोक्यावरची टोपी नीट केली आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दुसरा कंडक्टर मागून घेतला. त्यालाही आता सोळा-सतरा वर्षं झाली होती. भाई राहायचा दोन गल्ल्या सोडून. त्याच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मास्तर दुधाला अर्ध्या जालन्याचा वळसा घालायचे.

“मंग माफ का न्हाई करत? सगळ्या जगाला तर करतात,” मी म्हणाले.

“तेच तर,” काकू म्हणाल्या. “त्यानं येऊन चूक कबूल करावी, मी माफ करायला तयार हाये, म्हणतात. तो कशाला येईल? अन् ह्यांचा नियम असा, की भावाशी समेट केल्याबिगर वेदीपुढं जायचं न्हाई. तव्हापासून ह्यांनी ख्रिस्तशरीर घेतलं न्हाई. मी एकटीच जाते पुढं.”

ते मी पुढच्याच रविवारी डोळ्यांनी पाहिलं. चर्चमध्ये मास्तर म्हणजे ड्यूटीवरच. सगळे मागच्या बाकांवर गर्दी करतात, हे मधल्या वाटेत उभे, “पुढं सरका, पुढं सरका, पुढं जागा हाये!” फादरही मान खाली घालून हसत होते. पण मिस्सेच्या शेवटी सगळे प्रसादाला रांगेत निघाले (प्रसाद म्हणायचं न्हाई, काकू मला चिमटा काढत म्हणाल्या, ख्रिस्तशरीर म्हण), तेव्हा सगळ्या चर्चला पुढं सरकवणारा माणूस एकटा बाकावर बसून राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून. काकू एकट्या पुढं गेल्या, एकट्या परत आल्या. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

त्याच वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. फादर म्हणाले, खास मिस्सा करू, दोघांनी जोडीनं पुढं यायचं. त्या रात्रीच्या जेवणात काकूंनी ताट बाजूला सारलं.

“एवढी वर्षं मी एकटी गेले, काही बोलले न्हाई. पण त्या दिवशी न्हाई जायची. तुम्ही बसून राह्यले तर मी बी बसून राहीन. फादरला, पाव्हण्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा.”

“त्यानं येऊन एकदा म्हणावं...”

“तो येणार न्हाई. तुमच्यावानीच हाये तो.”

मास्तरांनी दोरी ओढली. एक बेल. काकूंनी उठून दोनदा ओढली आणि आत निघून गेल्या. घंटी घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी बेल दिली असावी.

आणि मग मला ताप आला. एरवी दुपारी मी बदनापूरला, रविवारी सगळे चर्चला, त्यामुळं मास्तरांची बाराची घंटी मी कधी ऐकलीच नव्हती. त्या दिवशी गोधडीत पडले होते. खालून टण, टण. मी धडपडत उठले, जिन्यापर्यंत आले. मास्तर भिंतीवरच्या मरियेच्या तसबिरीपुढं उभे, ओठ हलताहेत. संपल्यावर मी विचारलं, “काका, कुठं निघायचंय?”

“कुठं? प्रार्थना होती.”

“मग डबल बेल कशाला दिली?”

“डबल न्हाई, पोरी. तीन. देवदूताच्या तीन असतात.”

“तापात असले तरी मोजता येतं मला. दोनच वाजल्या.”

मास्तर माझ्याकडं असे पाहायला लागले, की मला वाटलं आता मला पुन्हा माफ करतात. पण ते वळले आणि त्यांनी दोरी ओढली. टण. टण. तिसऱ्यांदा हात खाली आला, दोरी खाली आली, आणि घंटी गप्प. पुन्हा ओढली. या वेळी तीन वाजल्या. पुन्हा. दोन. ते स्टुलावर चढले. आतला लोलक कडेला घासून मधूनच अडकत होता. जुनाच घासलेला, गंज चढलेला चरा होता तो.

“काकू, तुम्हाला कधी कळलं न्हाई?” मी विचारलं.

“मी कव्हा मोजल्या? वाजली की हात जोडते,” काकू म्हणाल्या. आणि मग त्यांनाही भाईची कसम आठवली.

मास्तर स्टुलावरून उतरले नाहीत. तिथंच उभं राहून म्हणाले, “हाताला तीन माहीत होत्या. कानानं कुणी ऐकलं?”

त्या शनिवारी फेरी निघाली नाही. सहा वाजले, साडेसहा वाजले. भाजीवाली टोपली तशीच ठेवून दारात आली. “मास्तर, मला माफ करायला आले न्हाई. तब्येत बरी हाये ना?” तिच्यामागं किराणा दुकानवाला, त्याच्यामागं रांजणावरचा तो हमाल. मास्तर आतून म्हणाले, “आज माझी गाडी बंद हाये.”

रविवारी मिस्सा झाल्यावर मात्र त्यांनी घंटी भिंतीवरून काढली, कापडी पिशवीत घातली आणि सदऱ्याची बटणं लावली. काकूंनी मला बाजूला घेतलं. “तू जा संगं. न्हाई तर हे तिथं जाऊन त्यालाच माफ करून येतील.”

भाई ओट्यावर नातवाची सायकल उलटी करून साखळी बसवत होते. जाडजूड माणूस, मेंदीनं रंगवलेली दाढी. मान वर करून पाहिलं आणि पुन्हा साखळीत बोटं घातली.

“क्या मास्तर, रस्ता चुकला का?”

“भाई,” मास्तर म्हणाले, “मी तुला मा...” आणि मी मागून त्यांचा सदरा ओढला. ते थांबले. पिशवीतून घंटी काढली. “आपल्या गाडीची हाये. ऐक. हिला तीन दिल्या तरी दोन वाजतात.”

त्यांनी घंटी उंच धरली आणि दोरी ओढली.

टण. टण. टण.

खणखणीत तीन! देवा रे, मला तर घाम फुटला. भाईंनी भुवया वर केल्या. मास्तरांनी घंटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पुन्हा वाजवून पाहतील असं मला वाटलं. नाही वाजवली. घंटी ओट्यावर ठेवून दिली आणि दोन्ही हात जोडले.

“आज तीन वाजल्या. पण त्या दिवशी दोनच वाजल्या होत्या, भाई. तुझी कसम खरी होती. देवाचं नाव घेतलं तू, अन् मी त्याला झूठ म्हणलो. माझं चुकलं. मला माफ कर.”

अडीच वर्षांत हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

भाईंनी हाताचं वंगण फडक्याला पुसलं. “मास्तर, तू तीन दिल्या असशील हे मला तव्हाच माहीत होतं. देवाच्या कामात तू बेइमानी करतो का? म्हणून तर मी म्हणलो दोन *वाजली*. दोन *दिली* असं कुठं म्हणलो? तू ऐकलंच न्हाई.”

मास्तरांनी ओट्यावरची घंटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“पण माफ करायचं म्हणशील तर...” भाईंचा आवाज एकदम चढला. “एवढी वर्षं दर शनिवारी फेरी काढतो! चोराला माफ करतो, भाजीवालीला माफ करतो, माझ्या शेजाऱ्याला दोनदा माफ करून गेला! अन् माझ्या दारावरून कधी गेला न्हाई. मी काय बिलकुल परका झाल्तो का? आधी कबूल कर, शनिवारी येशील.”

“येईन.”

“मंग केलं माफ. बैठ. चाय पी. उभ्यानं काय बोलून राह्यला?”

दोघं म्हातारे ओट्यावर बसले आणि चहा येईपर्यंत दोघांनीही रस्त्याकडं पाहिलं. चहा आला तरी तिकडंच पाहात होते. मग भाई एकदम म्हणाले, “बकऱ्यांच्या टेम्पोत बसायला कसं वाटलं रे?” आणि मास्तर जे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत.

त्या खास मिस्सेच्या आदल्या दिवशी मास्तर फादरकडं पापनिवेदनाला गेले. बाहेर यायला इतका वेळ लागला की काकू म्हणाल्या, “लगेज लई असेल.”

आणि तो दिवस. काकू मोतिया रंगाच्या साडीत, केसांत अबोलीचा गजरा. चर्च भरलेलं. भाजीवाली आली होती, किराणावाला आला होता, दोघंही कधी उठायचं कधी बसायचं ते माझ्याकडं बघून करत होते आणि मी काकूंकडं बघून. भाई पांढऱ्या कडक कुडत्यात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मास्तर नवरदेव असले तरी सवय सुटते का? मधल्या वाटेत उभे राहून ओरडले, “भाई, पुढं सरका! पुढं जागा हाये!” भाई उठून आले आणि बरोबर त्यांच्यामागच्या बाकावर बसले.

मग ती वेळ आली. फादर पायरीवर येऊन उभे राहिले. काकू उठल्या. मास्तर उठेनात. गुडघ्यांवर हात ठेवून, दर रविवारसारखे बसून राहिले. चेहरा पांढरा पडलेला. मुद्दाम बसले नव्हते हो, पायच उचलेनात त्यांचे. काकूंनी वळून पाहिलं. त्याही बाकाला धरून उभ्या, एक पाऊल पुढं जाईनात. मागची माणसं माना उंचावून पाहायला लागली.

तेवढ्यात भाई पुढं वाकले आणि मास्तरांच्या बाकाच्या लाकडावर त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवलं.

टक. टक.

मास्तर उठले. काकूंच्या हाताला धरलं, आणि गाडी निघाली.